टोचणीनंतरचा प्रश्न

इतिहासाचें अध्यापन ज्यानें पंचवीस-तीस वर्षें केलें त्या मनुष्यास एक खोड जडते. कोणी त्याला आजचा रस्ता विचारला, तर तो शंभर वर्षांपूर्वींच्या रस्त्याचें वर्णन करूं लागतो. विचारणारा बिचारा उन्हांत उभाच असतो. ही खोड आमच्याही अंगीं पुरेपूर आहे, आणि तिच्या नादांत आमच्या हातून एका मनुष्याचा थोडासा अपराध घडला. प्रस्तुत लेख हें त्या अपराधाचें प्रायश्चित्त होय, असें वाचकांनीं समजण्यास हरकत नाहीं.

२०२१ सालच्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी पनवेलीस आमच्या घरीं आला. तळोजें येथील एका कारखान्यांत तो नोकरीस आहे. कारखान्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर तो म्हणाला, "सर, दहा दिवसांपूर्वीं कोविडच्या लशीची दुसरी मात्रा घेतली. प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय फाटकाच्या आंत घेणार नाहीं, असें सांगितलें होतें. मला घ्यायचीच नव्हती असें नाहीं, पण थोडें थांबायचें होतें. आमचे वडील गेल्या वर्षीं हृदयविकारानें गेले. आतां रात्रीं माझी छाती धडधडते, झोंप लागत नाहीं. साहेबांना विचारलें, तर ते म्हणतात, हें डॉक्टरांचें काम. कारखान्याचे डॉक्टर म्हणतात, मनाचें आहे. तुमचें वाचन आहे, तुम्हीच सांगा."

आमच्यासारख्यास असें निमंत्रण मिळाल्यावर काय उशीर? आम्हीं त्यास तासभर हाफकिनसाहेबांची कथा सांगितली, देवीच्या रोगाचें निर्मूलन कसें झालें तें सांगितलें, अज्ञानमूलक भीतीनें आपल्या प्रांताचें किती नुकसान झालें तें सविस्तर सांगितलें. त्यानें सर्व ऐकून घेतलें, चहा घेतला, आणि उंबऱ्याशीं पायांत चपला घालतांना हळूच म्हणाला, "सर, हें सगळें बरोबरच असेल. पण माझ्या छातीचें काय?"

त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, जो इतिहास आम्हीं त्याला सांगितला तो अर्धाच होता. लस कोणीं शोधली, ती कोणीं टोचली, कोणीं अडविली, हें आम्हांस पाठ होतें. टोचून घेतलेल्या मनुष्याला पुढें काय वाटलें, आणि तें त्यानें कोणाला विचारलें, या बाजूनें तीच कथा आम्हीं कधीं वाचलीच नव्हती.

आमच्या भाषेनें या बाजूचा एक पुरावा मात्र जपून ठेवला आहे. ज्या रोगास इंग्रज स्मॉलपॉक्स म्हणतात त्याला आपण 'देवी' म्हणतों. आणि त्या रोगावरील लस टोचण्यालाही 'देवी काढणें' असेंच म्हणतों. रोगालाही तेंच नांव, उपायालाही तेंच. उपाय करूनही भीति पुरती गेली नव्हती, याचीच ही खूण नव्हे काय? ज्यांच्या दंडावर ते वाटोळे वण अद्याप आहेत अशीं वयस्क माणसें घरोघरीं आढळतात. टोचणारा गांवांत आल्याची वर्दी लागतांच पोरें माळ्यावर कशीं दडून बसत, हें त्यांना विचारावें.

या टोचणीचा आरंभ आमच्याच मुंबई इलाख्यांत झाला. जेन्नरनें १७९६ सालीं इंग्लंडांत आपला प्रयोग केला. त्याची लस खुष्कीच्या व जलमार्गानें हातोहात होत बसऱ्याहून मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ही पहिली टोचणी. या मुलीच्या दंडावर जो फोड आला त्यांतील द्रव घेऊन पुढें इतर मुलांस टोचलें, आणि अशी ती सांखळी देशभर पसरली. पुढें वासरांपासून लस तयार होऊं लागेपर्यंत बराच काळ लस ही अशी एका मुलाच्या दंडांतून दुसऱ्याच्या दंडांत जात असे.

ही पद्धति ध्यानीं घेतली म्हणजे आपल्या पणजोबांची भीति निव्वळ खुळचट होती असें म्हणवत नाहीं. परक्याच्या अंगांतील द्रव आपल्या लेकराच्या अंगांत घालावयाचा, यांत विटाळाची कल्पना होती हें खरें. पण त्याबरोबर एक साधा वैद्यकीय संशयही होता. त्या परक्या मुलाला दुसरा एखादा रोग असला तर? हा संशय अगदींच निराधार नव्हता. अशा टोचणीनें उपदंशासारखे रोग पसरल्याचीं उदाहरणें युरोपांतही घडलीं, आणि वासरांच्या लशीकडे वळण्याचें एक कारण तेंच होतें. म्हणजे भ्यालेल्या मातेच्या तोंडीं जो प्रश्न होता, तोच काहीं काळानें शास्त्रज्ञांच्याही तोंडीं आला. फरक इतकाच कीं, मातेनें विचारला तेव्हां त्याला अडाणीपणा म्हटलें, आणि शास्त्रज्ञानें विचारला तेव्हां त्यास संशोधन म्हटलें.

१८७७ सालीं कायदा होऊन मुंबई शहरांत मुलांना देवी काढणें सक्तीचें झालें. अशी सक्ती केवळ जित लोकांवरच लादली गेली असें मात्र नव्हे. खुद्द इंग्लंडांत ती १८५३ पासून होती, आणि तिच्याविरुद्ध लीस्टर शहरांत १८८५ सालीं हजारों लोकांची प्रचंड मिरवणूक निघाली. अखेर १८९८ सालीं तेथील पार्लमेंटानें सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून हरकत घेणाऱ्या आईबापांस सूट देणारें कलम कायद्यांत घातलें.

अमेरिकेंतील एक खटला तर आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या अगदीं जवळचा आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज गांवीं हेनिंग जेकबसन नांवाच्या धर्मोपदेशकानें देवी काढून घेण्याचें नाकारलें. त्याचें म्हणणें असें कीं, लहानपणीं टोचल्यावर आपल्याला भयंकर त्रास झाला होता, आणि आपल्या मुलालाही तसाच झाला. त्याला पांच डॉलर दंड झाला. प्रकरण वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९०५ सालीं तेथें सक्ती वैध ठरली. परंतु त्याच निकालांत न्यायमूर्तींनीं हेंही सूचित केलें कीं, ज्याच्या प्रकृतीस टोचणी खरोखर अपाय करील अशा मनुष्यावर ती लादणें हें क्रौर्य होईल. सक्तीचा अधिकार आणि विचारपूस करण्याचें कर्तव्य हीं दोन्हीं एकाच निकालांत शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. पुढें अधिकाराचें स्मरण सर्वांस राहिलें. कर्तव्याचें फारसें कोणास राहिलें नाहीं.

आतां प्लेगाकडे वळूं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिकसन्निपात ओळखला. त्यानंतर जी धांवाधांव झाली तिचें स्मरण महाराष्ट्रास अद्याप आहे. ऑक्टोबरांत सुमारें हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. तेथें नेलेला मनुष्य परत येत नाहीं, असा त्यांचा समज झाला होता. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यांत रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोरे शिपाई घरांत शिरूं लागले, आणि २२ जूनच्या रात्रीं जें घडलें तें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या दवाखान्यांत प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एकाच साथींत लोक एका दवाखान्यावर धोंडे घेऊन गेले आणि दुसऱ्याच्या दारीं आपण होऊन आले. औषध दोन्हीकडे सारखेंच अपुरें होतें. आपुलकी सारखी नव्हती.

या गोंधळांत वाल्देमार हाफकिन हा ओडेसा येथें जन्मलेला शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत लस तयार करीत बसला होता. बकऱ्याच्या मांसाच्या रसांत प्लेगाचे सूक्ष्मजंतु वाढवावयाचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे त्या थेंबांखालीं जंतूंचीं झुंबरें लोंबतात, मग उष्णतेनें त्यांस मारावयाचें, अशी त्याची कृति होती. बकऱ्याचेंच मांस कां, तर गायीचें वा डुकराचें म्हटल्यास हिंदूंची वा मुसलमानांची हरकत येणार. म्हणजे घेणाऱ्याच्या मनांत काय येईल याचा विचार त्यानें प्रयोगशाळेंतच केला होता. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें इतरांस देत त्यापेक्षां ती मात्रा पुष्कळ मोठी होती. त्यास ताप आला, टोचल्या जागीं वेदना झाल्या, आणि त्यानें त्या लक्षणांची नोंद केली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर प्रयोग झाला, व टोचलेल्यांत रोग व मृत्यु बरेच कमी आढळले. कैदी स्वेच्छेनें पुढें आले असें म्हणतात. कुलपामागच्या मनुष्याची इच्छा कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळीं कोणास फारसा पडला नाहीं; आज तो पडला पाहिजे. पुढें पुढें टोचून घेतल्याचा दाखला जवळ असणाऱ्यास विलगीकरणाच्या जाचांतून सवलत मिळूं लागली. दाखला दाखवा आणि सुटा, ही रीत आजची नव्हे, ती अशी सवाशें वर्षांची आहे.

त्या वेळीं विशीही न ओलांडलेल्या आगाखानांनीं आपल्या जमातीची भीति घालविण्यासाठीं तिच्या डोळ्यांदेखत स्वतःस टोचून घेतलें, आणि एकदांच नव्हे. त्यांच्या अनुयायांनीं त्यावरून धडा घेतला. मनुष्य हुकुमास भितो, परंतु उदाहरणास वश होतो, असें यावरून कोणी म्हणेल. आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. टोचून घेतलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं धडधाकट उभा असलेला लोकांना पाहावयास मिळाला. 'पुढें काय होतें' या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर चालत फिरत होतें.

परंतु पुढें एकदां खरोखरच वाईट झालें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं १०७ माणसांस प्लेगाची लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. हे एकोणीसही जण एकाच कुपींतील लस टोचलेले होते. चौकशी बसली, प्रयोगशाळेंत लस निर्जंतुक करण्याच्या कृतींत केलेल्या बदलावर ठपका आला, आणि हाफकिनला पदावरून दूर व्हावें लागलें. त्यानंतर पांच वर्षें तो न्यायासाठीं झगडला. कुपी उघडतेवेळीं चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करतां वापरला गेला, ही गोष्ट उजेडांत होती. कुपी प्रयोगशाळेंतून निघतांना दूषित असती तर उघडतांच तिला जी दुर्गंधी यावयास हवी ती आली नव्हती. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या 'टाइम्स'मध्यें पत्र प्रसिद्ध केलें, आणि सरकारास हाफकिन निर्दोष असल्याचें मान्य करावें लागलें. परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

ही कथा आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितली आहे, आणि दर वेळीं ती एका थोर पुरुषावरील अन्यायाची कथा म्हणून सांगितली. पण त्या एकोणीस घरांच्या बाजूनें ती वाचून पाहिली म्हणजे निराळेंच कांहीं हातीं लागतें. दोष प्रयोगशाळेचा नसून चिमट्याचा होता, हें कशावरून कळलें? कोणत्या माणसाला कोणत्या कुपींतून टोचलें याची नोंद होती म्हणून. त्या कुपीचा क्रमांक ५३ एन् असा होता, हें आज सवाशें वर्षांनंतरही आपण सांगूं शकतों. मृत्यूची नोंद दडपून टाकली असती, किंवा 'गांवकऱ्यांच्या मनाचे खेळ आहेत' म्हणून सोडून दिली असती, तर लशीवरचा कलंक कधींच धुतला गेला नसता. तक्रारीच्या नोंदीनेंच लशीची अब्रू वाचविली. लशीचा पुरस्कार करणाऱ्यांनीं ही गोष्ट आपल्या टेबलावर लिहून ठेवावी.

आतां आमच्या काळाकडे येऊं. १६ जानेवारी २०२१ रोजीं आपल्या देशांत कोविडचें लसीकरण सुरू झालें. एप्रिलांतील शासकीय आदेशांत कारखाने व कचेऱ्या यांतील लोकांनीं शक्य तितक्या लवकर लस घ्यावी असें सांगण्यांत आलें. ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं जाहीर केलें कीं, दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांस १५ ऑगस्टपासून लोकलगाडीनें प्रवास करतां येईल. ज्यांचें पोट हार्बर मार्गाच्या गाडीवर अवलंबून आहे त्या पनवेलकरांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको होता. नोव्हेंबरांत ठाणें महानगरपालिकेनें पहिली मात्राही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचें वेतन रोखण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यसरकारनें दुकानें, कचेऱ्या व सार्वजनिक वाहनें यांसाठीं दोन्हीं मात्रांची अट घातली.

आणि या साऱ्या काळांत केंद्रसरकारचें म्हणणें काय होतें? तर लस घेणें ऐच्छिक आहे. न्यायालयांत तें पुन्हां पुन्हां सांगितलें गेलें. घ्यावयाची कीं नाहीं ही तुमची मर्जी. पण न घेतल्यास गाडींत पाऊल ठेवूं नये आणि पगाराची वाट पाहूं नये. व्याकरणांत अशा प्रयोगास काय म्हणावें तें आम्हांस सुचत नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें, लशीनंतर मृत्यु पावलेल्या दोन मुलींच्या आईबापांनीं केलेल्या अर्जावर केंद्रसरकारनें सर्वोच्च न्यायालयांत शपथपत्र दिलें, त्यांत या ऐच्छिकपणाचा आधार घेऊन नुकसानभरपाईची जबाबदारी नाकारली. सक्ती करतेवेळीं ती कारखान्याची, आणि परिणामाची विचारपूस करतेवेळीं ती घेणाऱ्याची मर्जी, अशी ही वांटणी झाली.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून स्पष्ट सांगतों कीं, त्या लशींनीं असंख्य प्राण वाचविले याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आम्हीं स्वतः त्या वेळेवर घेतल्या. दोष लशीचा नव्हे. परंतु निर्दोष म्हणजे निरपवाद नव्हे. कोव्हिशील्ड लशीनंतर क्वचित् कोणाच्या रक्तांत गांठी होतात, हें २०२१ च्या वसंतांतच युरोपांत दिसून आलें होतें. मे २०२१ मध्यें आपल्या राष्ट्रीय समितीनें जो अहवाल दिला त्यांत हें प्रमाण दहा लाख मात्रांमागें ०.६१ सांगितलें होतें. इंग्लंडांत तेंच चार, आणि जर्मनींत दहा. टोचल्यापासून वीस दिवसांत धाप लागणें, छातींत दुखणें, पाय सुजणें, डोकें सतत दुखणें असें कांहीं झाल्यास कळवावें, अशी सूचनाही तेव्हां सरकारनें काढली होती. आपला आंकडा लहान आहे हें समाधानाचेंच. पण तो आपल्याकडे तसें क्वचितच घडतें म्हणून लहान आहे, कीं घडलेलें कोणी लिहून घेत नाहीं म्हणून लहान आहे, याचा निर्णय वहीवरच्या विश्वासावांचून होणें शक्य नाहीं. 'मनाचें आहे' असें सांगून परत पाठविलेला प्रत्येक मनुष्य त्या आंकड्याची किंमत थोडीशी कमी करतो.

२ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जेकब पुलियेल यांच्या खटल्यांत जो निकाल दिला तो याच मर्मावर बोट ठेवतो. सरकारचें लसीकरणाचें धोरण मनमानी नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. पण कोणाही मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध टोचतां येणार नाहीं, कारण स्वतःच्या देहावरील अधिकार घटनेच्या एकविसाव्या कलमांत येतो, हेंही बजावलें. साथ ओसरलेली असतां लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणशीर नाहींत, असें मत दिलें. आणि शेवटीं, लशीनंतरचे अपाय लोकांना व खासगी डॉक्टरांना कळवितां यावेत आणि ते सर्वांस पाहावयास मिळावेत अशी व्यवस्था करण्यास सांगितलें. वर्तमानपत्रांनीं पहिल्या भागाचे मथळे केले. आम्हांस हा शेवटला भाग अधिक मोलाचा वाटतो. महाराष्ट्रांतील सर्व निर्बंध तत्पूर्वींच, १ एप्रिल २०२२ रोजीं, उठले होते.

आमचें पनवेल हें जुनें गांव. मुंबईहून मचव्यानें येऊन बोरघाटानें वर पुण्यास जाणारा प्रवासी येथें मुक्काम करी. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथेंच आपला आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. जुन्या वैद्यांची विद्या आधुनिक कसोटीस कितपत उतरते हा वाद येथें नको. पण रोग्याची नाडी धरून, त्याला झोंप कशी लागते, घरांत कोण आजारी पडलें होतें, कशाची धास्ती घेतली आहे, हें विचारल्याशिवाय पुडी बांधावयाची नाहीं, ही त्यांची रीत होती. नव्या शास्त्रानें पुडी पालटली हें उत्तम केलें. ती विचारपूस टाकून देण्याचें कांहीं कारण नव्हतें.

असो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों आणि त्याला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलों. त्यांनीं हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासावयास पाठविलें. दोन्हींत कांहीं दोष निघाला नाहीं. परंतु तत्पूर्वीं त्यांनीं अर्धा तास त्याला बोलूं दिलें. वडिलांच्या आजाराची हकीकत विचारली. लस कोणत्या दिवशीं, कोणत्या केंद्रावर घेतली, धडधड केव्हां सुरू झाली, हें सारें कागदावर उतरून घेतलें. आणि कोणतें लक्षण दिसल्यास रात्रींअपरात्रींही निघून यावयाचें, तें त्याला स्वच्छ शब्दांत सांगितलें. हाफकिनचें नांवही त्यांनीं काढलें नाहीं. परत येतांना तो रिक्षांत आमच्या शेजारीं बसला होता. बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, बाईंनीं लिहून घेतलें."

ते शब्द आमच्या मनांतून जात नाहींत. तो बरा आहे हें त्यास तपासणीनें कळलें. पण त्याचें म्हणणें कोणीतरी लिहून घेतलें, यानेंच त्याची झोंप परत आणली, अशी आमची समजूत आहे. साथी पुन्हां येतील. त्यांत सक्तीचे हुकूमही येतील, आणि कित्येकदां ते योग्यही असतील. परंतु ज्या फाटकावर 'प्रमाणपत्र दाखवा' अशी पाटी लागते, त्याच फाटकाच्या आंत एक टेबल, एक वही आणि ऐकून घेणारा एक मनुष्य असला पाहिजे. नाहींतर आमच्यासारख्या प्राध्यापकांकडे लोक प्रकृतीचा सल्ला विचारावयास येत राहतील, आणि आम्ही त्यांना इतिहास सांगत बसूं.